तळघरातील चौघे

आमच्या धर्मग्रामात साप निघाला की पहिला निरोप सर्पमित्राला जात नाही, तो धर्मगुरूनिवासात येतो. "फादर, जनावर निघालंय!" कोणते जनावर, हे निरोप आणणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारीत नाही. आपल्याकडे दिवेलागणीनंतर तर सापाचे नावही घ्यावयाचे नसते. 'लांबडं' म्हटले की झाले. नाग असो, धामण असो, की विहिरीच्या कठड्यावर आलेली निरुपद्रवी दिवड असो, सर्वांना मिळून एकच नाव आणि सर्वांसाठी मिळून एकच काठी. ती काठी घेऊन आम्हीही अनेकदा निघालेलो आहोत, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. सर्पमित्राचा दूरध्वनी क्रमांक आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर लागला तो अगदी अलीकडे. तो का लागला, त्याची ही हकीकत.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेतील ओहायो राज्यात एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून होतो. तेथील धर्मगुरूंना सुटी मिळावी म्हणून आपल्याकडील बरेच जण असे जातात. रोजची मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी, पापनिवेदन, आणि रविवारी मिस्सेनंतर कॉफीच्या पेल्याभोवती उभ्या उभ्या गप्पा. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा तेथून तासाभराच्या अंतरावर राहतो. ऑगस्टअखेरीस आमचे काम संपले आणि परतीच्या विमानाला दहा दिवस उरले, तेव्हा ते दिवस त्याच्या घरी काढण्याचे ठरले होते. नेमके त्याच वेळी त्याच्या सासऱ्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि पतिपत्नी दोघांनाही टेक्सासला धावावे लागले. घरात राहिलो आम्ही, तेरा वर्षांचा नातू आणि तळघरातील चार साप.

निघताना पुतण्याने आम्हाला बाजूला घेतले. "फादरकाका, डिसेंबरात बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलंय, ज्या घरात साप आहेत त्या घराचा उंबरठा मी ओलांडणार नाही. मी विषय काढला की हा रडतो. तुमचं तो ऐकेल. तुम्ही सांगा, साप देऊन टाक म्हणून."

आम्ही "बघू" म्हणालो. धर्मगुरूंच्या शब्दकोशातील हा फार सोयीचा शब्द आहे.

संध्याकाळी नातवाने आम्हाला तळघरात नेले. भिंतीलगत काचेच्या चार पेट्या होत्या. प्रत्येकीत लाकडाचा भुसा, पाण्याचे भांडे, लपावयास एक पोकळ ओंडका, एका टोकाला ऊब देणारी पट्टी आणि ती ऊब मर्यादेत ठेवणारे थर्मोस्टॅट. तिसऱ्या पेटीपाशी आम्ही थांबलो ते थांबलोच. आत काळाभोर साप होता आणि त्याच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे होते. आमच्या तोंडून शब्द निघाला तो मराठीत निघाला, आणि तो नातवाला कळला नाही. "मण्यार!"

येथे आम्हाला मागे जावे लागेल.

१९८० चा जुलै महिना. आम्ही दहा वर्षांचे, धाकटी बहीण सात वर्षांची, थोरले बंधू विशीतले. वसईकडील वाडीत आमचे कौलारू घर होते, जमीन शेणाने सारवलेली, आणि पावसाळ्यात आम्ही सारी भावंडे ओटीवर चटया टाकून ओळीने झोपत असू. पहाटे बहीण पोटात दुखते म्हणून उठली. बंधूंनी तिला ओव्याचे गरम पाणी पाजले. काही वेळाने तिच्या पापण्या जड होऊ लागल्या. दुखणे थांबले, आता हिला झोप येते आहे, असे बंधूंना वाटले. "निजू दे तिला," असे ते आईला म्हणाले आणि त्यांनी आपली चादर तिच्या अंगावर घातली.

मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. निजलेल्या माणसाला कित्येकदा जागही येत नाही. पुष्कळदा आधी पोटात कळ येते, मग पापण्या मिटू लागतात, कारण मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना पोहोचेनासा होतो. आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात. हे आम्हाला पुष्कळ पुढे कळले. त्या पहाटे आमच्या घरात ते कोणालाच ठाऊक नव्हते. उजाडल्यावर हाका मारल्या तेव्हा ती ओ देईना. बंधू तिला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे धावले. ते परत आले तेव्हाही ती त्यांच्या खांद्यावरच होती.

त्याच दुपारी भाताच्या कणगीमागे मण्यार सापडली. ती फुत्कारली नाही, कोणाच्या अंगावर आली नाही. वेटोळ्याखाली डोके खुपसून पडून राहिली. वडिलांनी ती तशीच मारली. बंधूंनी त्या पहाटेविषयी त्यानंतर एक अक्षरही काढले नाही. मात्र घरात कोणी निजलेले असले की जाता येता ते त्याला हाक मारून उठवतात, आणि त्याने ओ दिली की निघून जातात. आमच्या वहिनी लग्न होऊन आल्यापासून या सवयीवर चिडत आलेल्या आहेत.

तेव्हा तळघरातील त्या पेटीसमोर आमचे पाय का खिळले, हे वाचकांच्या ध्यानी येईल. नातू मात्र शांतपणे सांगत होता की हा कॅलिफोर्निया किंगस्नेक, याला विष नसते, हा भक्ष्याला विळखा घालून मारतो. दुसऱ्या सापांनाही खातो, अगदी विषारी रॅटलस्नेकलासुद्धा. त्या विषाचा याच्यावर फारसा परिणाम होत नाही, आणि म्हणूनच याच्या नावात राजा आहे. आम्ही ऐकत होतो आणि ऐकत नव्हतोही.

दुसऱ्या दिवसापासून आमचे शिक्षण सुरू झाले. नातवाजवळ एक वही होती. कोणी कधी खाल्ले, कोणी नाकारले, कोणी कात टाकली, महिनाअखेर कोणाचे वजन किती, असे सारे तारीखवार. आम्ही आयुष्यभर बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदवह्या लिहीत आलो आहोत. एवढी स्वच्छ वही आमच्या कार्यालयातून कधी निघाली नाही, असे कबूल करतो. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने प्रत्येकाचा 'स्वभाव' इंग्रजीत लिहून ठेवला होता. 'स्वभाव' हा शब्द सापाला लावलेला आम्ही प्रथमच पाहिला. आपल्याकडे सापाला विष असते, क्वचित मणी असतो, डूख धरण्याची शक्तीही असते, स्वभाव नसतो.

पहिला कॉर्न स्नेक. अमेरिकेच्या आग्नेय भागातला, नारिंगी अंगावर तांबड्या खुणा, आणि पोटाखाली मक्याच्या रंगीबेरंगी कणसासारखी चौकटींची नक्षी. हा इतका सालस की त्याच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. हातावर घेतला की एका हातावरून दुसऱ्या हातावर जिना चढल्यासारखा चालत राहतो. पिल्लू असताना चावे घेत असे म्हणे, शेपटी थरथरवीत असे. रोज हाताळल्यावर ते सुटले. याचा एकच दुर्गुण, तो म्हणजे पळून जाण्याची कला. त्याविषयी पुढे.

दुसरा बॉल पायथन, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बुटका अजगर. लांबी चार फूट, पण मनगटाहून जाड. हा भ्याला की डोके मध्ये घेऊन स्वतःभोवती असा घट्ट गुंडाळतो की त्याचा चेंडू होतो, नाव त्यावरूनच. आम्ही त्याला 'गोळा' म्हणू लागलो आणि नातवानेही ते नाव उचलले. गोळ्याने एप्रिलपासून काही खाल्ले नव्हते. दर आठवड्याला नातू फ्रीझरमधून उंदीर काढी, कोमट पाण्यात ठेवून त्याला ऊब आणी, चिमट्यात धरून गोळ्यापुढे नेई, पाच मिनिटे थांबे आणि वहीत 'नाही' असे लिही. चार महिने! आमचा जीव कासावीस झाला. नातू म्हणाला, "फादरआजोबा, हे असेच असतात. वजन उतरत नाही तोपर्यंत घाबरायचं नाही. जबरदस्ती केली तर आणखी खात नाहीत." चाळीस दिवसांच्या उपवासकाळात एक शुक्रवार नीट पाळताना आमची कोण तारांबळ उडते! पुढे आम्ही वाचले की सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात याच जातीच्या एका मादीने २०२० साली, वयाची साठी ओलांडल्यावर, कित्येक वर्षे नराचे तोंडही न पाहता अंडी घातली होती. हा अजगर तिशी सहज गाठतो. तेरा वर्षांच्या मुलाने केवढ्या दीर्घ मुदतीचे व्रत पत्करले आहे, हे त्याला कोणी सांगितले होते की नाही, न कळे.

आफ्रिकेतील बेनिन देशात विदा नावाचे नगर आहे. तेथे या अजगरांचे देऊळ आहे, आणि त्याच्या अगदी समोर आपल्या पंथाचे अमलोद्भव मातेचे महामंदिर आहे. देवळातले अजगर बाहेर फिरून येतात, कोणाच्या घरात शिरले तर घरचे लोक त्यांना मानाने परत पोहोचवतात. एका रस्त्याच्या दोन बाजूंना उत्पत्तीच्या पुस्तकातला सर्प आणि हा देवळातला सर्प असे शेजारी राहतात. तेथील आमच्या धर्मबंधूंना त्याविषयी प्रवचन करण्याचा प्रसंग येतो तेव्हा ते काय बोलत असतील, याची आम्हाला खरोखर उत्सुकता आहे.

पण साऱ्यांत आमची गट्टी जमली ती चौथ्याशी. वेस्टर्न हॉगनोज, म्हणजे डुकरासारखे वर वळलेले नाकाड असलेला, दीड फुटाचा, जाडगेला, मातकट साप. नाक असे कशासाठी, तर वाळू उकरण्यासाठी. याच्या मागच्या दातांशी सौम्य विष असते, बेडकांच्या उपयोगाचे. माणसाला फार तर सूज. पण याचा आव पाहावा! आम्ही प्रथम हात पुढे केला तेव्हा त्याने मान नागासारखी चपटी केली, फुत्कार टाकला आणि आमच्या बोटांवर सपासप तीन वेळा झेप घेतली. तिन्ही वेळा तोंड मिटलेले! नुसत्या नाकाच्या धडका. आम्ही हात मागे घेतला नाही, कारण नातवाने घेऊ नका असे बजावले होते (आणि खरे सांगावयाचे तर हात हलण्याच्या स्थितीत नव्हता). तेव्हा त्याने अंग पिळवटले, पाठीवर उलटा पडला, जबडा वासला, जीभ बाहेर टाकली आणि मेला. दुर्गंधीसुद्धा सोडली. नातू हसून हसून खाली बसला. "दोन वर्षांत फक्त दोनदा केलंय त्याने हे! आता त्याला सरळ करा." आम्ही दोन बोटांनी त्याला सुलटा केला. तो तत्काळ पुन्हा उलटा झाला. मेलेल्या सापाने उताणेच असावयास हवे, अशी त्याची समजूत. आम्ही पुन्हा सुलटा केला, तो पुन्हा उताणा झाला. ओहायोतील एका तळघरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सापाला हात लावून आम्ही खळखळून हसत आहोत, हे आमचे आम्हालाच खरे वाटेना.

किंगस्नेकची गोष्ट निराळी. त्याला राग येत नाही, भय वाटत नाही. त्याला भूक लागते. जे हलते ते खाण्याचे, ज्याला उंदराचा वास ते खाण्याचे, असा त्याचा सरळ हिशेब. म्हणून तो नेहमी एकटा ठेवावा लागतो. सोबतीला दुसरा साप ठेवला तर सकाळी एकच उरावयाचा. त्याला उचलण्यापूर्वी हात साबणाने धुवावयाचे आणि कागदाच्या सुरळीने पाठीवर हलके टेकवावयाचे, म्हणजे ही जेवणाची वेळ नव्हे हे त्याला कळते. पाचव्या दिवशी नातू हात धुण्यास विसरला. किंगस्नेकने त्याचा अंगठा धरला, मनगटाला विळखा घातला आणि तो चक्क चावून गिळण्याच्या तयारीस लागला. आम्ही ओरडलो. नातवाने काही न बोलता हात नळाच्या गार पाण्याखाली धरला. थोड्या वेळाने सापाने आपण होऊन सोडले. अंगठ्यावर काटा ओरखडावा एवढ्याच खुणा होत्या. "चूक माझी," तो म्हणाला आणि वहीत तशी नोंद केली.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आमच्या मनात वाडीतल्या सापांची आठवण चालू झाली. दिवड पकडताच चावते, रक्त काढते आणि तिला विष नाही. घरातल्या भिंतीवर चढणारा कवड्या तसाच तापट, तोही बिनविषारी. धामण माणसाची चाहूल लागली की वाऱ्यासारखी पळते, कोंडली तरच अंगावर येते. नाग फणा काढून 'दूर हो' म्हणून बजावतो, घोणस प्रेशर कुकरसारखी शिट्टी देते, कोकणातले फुरसे खवल्यांवर खवले घासून करवतीचा आवाज काढते. हे तिघेही आपल्या परीने सूचना देतात. सूचना न देणारी एकच. दिवसा तिला काठीने डिवचले तरी डोके लपवून पडून राहील, इतकी ती भित्री. रात्री तिचा नूर पालटतो. गोळ्याने डोके वेटोळ्यात घेतले की आम्हाला कणगीमागची मण्यार आठवे. त्याचे भय तेच, तिचे भय तेच. फरक स्वभावात नव्हताच, तो दातांमागच्या थेंबभर द्रवात होता. वाडीतला सर्वांत शांत जीव आमच्या घरात मृत्यू घेऊन आला होता, आणि ज्यांच्या फुत्काराला आम्ही जन्मभर भ्यालो त्यातले निम्मे नुसते नाटक करीत होते. हे कळून मनाला बरे वाटले असे मात्र नाही. राग धरावयास कोणीच उरेना.

सातव्या रात्री कॉर्न स्नेक नाहीसा झाला. चूक आमची होती. संध्याकाळी नातू अभ्यासाला बसला असता पाण्याचे भांडे भरण्याची कामगिरी आम्ही आपण होऊन पत्करली आणि झाकणाच्या दोन खिट्यांपैकी एक लावण्याचे विसरलो. करंगळी जाईल एवढ्या फटीतून तीन फुटांचा साप निघून गेला. अकरा वाजेपर्यंत आम्ही दोघे विजेऱ्या घेऊन तळघर धुंडाळत होतो. नातवाचे डोळे भरले होते. त्याला सापाची भीती नव्हती, सापासाठी भीती होती. अखेर तो म्हणाला, "आता सकाळी शोधू. तो काही करणार नाही. तुम्ही निजा, फादरआजोबा."

आम्ही निजलो नाही. स्वयंपाकघरात दिवा लावून बसलो. थोड्या वेळाने नातूही येऊन समोर बसला आणि त्याने विचारले, "तुम्हाला एवढी भीती कशाची वाटते?"

तेव्हा आम्ही त्याला सारे सांगितले. ओटी, चटई, ओव्याचे पाणी, चादर. त्याच्या आजोबांचे ते तीन शब्दही सांगितले. ते आम्ही आजवर कोणालाही सांगितले नव्हते, आणि मुलाला सांगावयास हवे होते की नव्हते याविषयी आजही आमचे मन साशंक आहे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्या सापाला तुम्ही मारलं?"

"वडिलांनी मारले. आम्ही त्यानंतर आठवड्याने एक धामण मारली. आम्ही चार मुले होतो. ती पळत होती, आम्ही तिला कुंपणाशी कोंडली."

"धामण म्हणजे रॅट स्नेक. तिला विष नसतं."

"तेव्हाही ठाऊक होते," आम्ही म्हणालो.

त्याने आमच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. सापाला पेटीत ठेवणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न आम्ही त्याला त्या आठवड्यात एकदा विचारला होता. "मला माहीत नाही, पण हे पेटीतच जन्मले आहेत," असे प्रामाणिक उत्तर त्याने दिले होते. आता त्याने आम्हाला काही विचारले नाही. ते विचारण्यापेक्षा कठीण होते.

धामणीवरून सुचले म्हणून सांगतो. धामण म्हशीच्या मागच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे आमची आजी छातीठोकपणे सांगत असे. अमेरिकेत मिल्क स्नेक नावाचा साप आहे. गोठ्यात शिरून तो गाईचे दूध पितो अशी तेथील शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून त्याचे नाव तसे पडले. दोन्ही साप गोठ्यात जातात ते उंदरांसाठी. सापाला दूध ओढण्यासारखे ओठच नाहीत. सात समुद्रांपलीकडच्या दोन आज्यांनी एकमेकींना न भेटता एकाच प्रकारची चहाडी करावी, याचे नवल वाटते.

पहाटे साडेपाचला कॉर्न स्नेक सापडला. उंदीर ठेवलेल्या फ्रीझरच्या मागे, मोटरच्या उबेला, वेटोळे करून तो निवांत पडला होता. नातू कपडे धुण्याच्या यंत्राकडे पाहत होता. दिसला तो आम्हाला. त्याला हाक मारण्यापूर्वी आमचा हात पुढे गेला होता. साप थंड नव्हता, ओलाही नव्हता. मोटरीइतकाच उबदार होता. मनगटावरून कोपरापर्यंत तो जिना चढून आला आणि तेथे थांबला. हे प्रेम नव्हे, असे नातवाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. साप ओळख ठेवतो की नाही कोण जाणे, माया करीत नाही. तो फक्त भिण्याचे थांबवतो. तेवढ्यासाठी हा मुलगा दोन वर्षे दररोज हात धुऊन तळघरात जात होता.

पुतण्या परतला तेव्हा विमानतळावर त्याने विचारले, "सांगितलंत का त्याला?" आम्ही म्हणालो, "नाही. ज्याला सांगावयाचे ते वसईला आहेत."

सप्टेंबरात आम्ही बंधूंच्या घरी गेलो. ओटीवर आता फरशी आहे, कणगी नाही. चहा झाल्यावर आम्ही चौघांची हकीकत सांगण्यास सुरुवात केली. भारतात आपल्या रानातले साप पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे आणि ते योग्यच आहे. पण तिकडचे हे चौघे पिढ्यान्‌पिढ्या पेटीत वाढलेले, आणि मोठ्या किंवा विषारी सापांना ओहायोतही २०१२ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, हेही सांगितले. बंधू वाडीकडे पाहत ऐकत होते. हॉगनोजचे मरण सांगितले तेव्हा त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. गोळ्याच्या उपवासाचे सांगितले तेव्हा त्यांनी, "इतके महिने?" असे म्हटले. मग आम्ही श्वास घेतला आणि तिसऱ्या पेटीत काय आहे ते सांगितले. त्याचे रूप कोणासारखे आहे तेही सांगितले. आणि नातवाला आम्ही काय सांगून बसलो आहोत, तेही.

बंधू उठून उभे राहिले. ते आत जातील असे आम्हास वाटले. ते गेले नाहीत. खांबाला टेकून पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, "मी निजू दे म्हणालो होतो तिला."

त्रेचाळीस वर्षांनी. पापनिवेदन ऐकण्याची आम्हास सवय आहे. अशा वेळी काय बोलावे याचे प्रशिक्षण आम्हाला गोरेगावच्या सेमिनरीत मिळाले आहे. त्यातले एकही वाक्य आम्हास आठवले नाही. "आम्हीही तेथेच होतो, आम्हालाही ती झोपच वाटली," एवढेच आम्ही म्हणालो. ते खरे होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "रात्री खिट्या कोण बघतो?"

"तो बघतो. दोनदा. आम्ही एक विसरलो होतो म्हणून."

डिसेंबरात बंधू आणि वहिनी ओहायोला गेले. तेथील बातम्या आम्हाला वहिनींकडून फोनवर कळत. पहिला महिनाभर बंधू तळघराच्या जिन्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या पेटीच्या काचेवर नातवाने आपण होऊन आतून बाहेरचे दिसणार नाही असा जाड कागद चिकटवला होता. कोणी त्याला सांगितले नव्हते. जानेवारीत एके सकाळी, म्हणजे तिकडच्या रात्री, स्वतः बंधूंचा फोन आला. आम्ही घाबरून उचलला. "गोळ्याने खाल्लं," ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

नातवाशी आमचे बोलणे होते ते रविवारी. त्याची एकच तक्रार असे, की आजोबा रोज रात्री खोलीच्या दारात येऊन हाक मारतात.

"मग तू काय करतोस?" आम्ही विचारले.

"ओ देतो," तो म्हणाला. "मग ते जातात. मग मी झोपतो."